राघोजी भांगरे यांचं स्मारक आणि सावकाराची वही



आपल्या प्रत्येकीचं कुणी ना कुणी ठाण्याला असतंच. मुलगा असेल, दीर असेल, नाहीतर दिव्याच्या चाळीत राहणारी बहीण. गणपतीला नि शिमग्याला ती माणसं इकडे येतात, दवाखान्याला नि लग्नाला आपण तिकडे जातो. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला कोर्टाच्या बाजूला गेलात तर एक जुनी, जाड, काळवंडलेली भिंत लागते. रिक्षावाला म्हणतो, “जेल आहे.” आपण मान वळवून बघतो नि पुढे जातो. मीही कितीतरी वर्षं तशीच पुढे जात होते.

ती भिंत मुळात किल्ल्याची. पोर्तुगीजांनी १७३०च्या सुमारास बांधायला घेतलेला किल्ला १७३७ला मराठ्यांनी घेतला आणि १७७४ला तो इंग्रजांच्या हाती गेला. पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. या तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी आपल्या जिल्ह्याच्या एका पोराला फाशी झाली. अनंत कान्हेरे. खेड तालुक्यातल्या आयनी गावचा. नाशिकच्या कलेक्टरवर, जॅक्सनवर, त्याने नाटकाच्या थिएटरात गोळी झाडली होती. कर्वे आणि देशपांडे हे त्याचे दोघे सोबतीही त्याच दिवशी फासावर गेले. कान्हेरेचं नाव आपल्या शाळांतून सांगितलं जातं, आणि ते सांगायलाच हवं.

पण त्याच्या ६२ वर्षं आधी, २ मे १८४८ रोजी, याच तुरुंगात आणखी एका माणसाला फाशी झाली होती. राघोजी भांगरे. महादेव कोळी समाजाचा आदिवासी नायक. ठाण्याच्या तुरुंगापाशी त्यांचं स्मारक आहे. दर २ मेला अकोले, जुन्नर, शहापूर, मुरबाड अशा डोंगरभागातून माणसं तिथे येतात, बायाही येतात. आज मी या स्मारकाबद्दल बोलणार आहे. खरं सांगायचं तर स्मारकापेक्षा जास्त एका वहीबद्दल बोलणार आहे. ती वही म्हणजे सावकाराची खतावणी.

राघोजींचं गाव देवगाव, अकोले तालुक्यात. कळसूबाईचा डोंगर, रतनगड, भंडारदरा हा तिथला मुलूख. आपल्यापैकी काहीजणी अभ्यास दौऱ्याला तिकडे जाऊन आल्या आहेत. डोंगर आपल्यासारखेच, पाऊसही आपल्यासारखाच, आणि ताटात नाचणी-वरीच. त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १८०५चा. वडील रामजी भांगरे. रामा किरवा नावाच्या नायकाने १८२९च्या सुमारास त्या डोंगरात इंग्रजांविरुद्ध उठाव केला, तेव्हा रामजी त्यात होते. १८३०ला नगरला रामा किरव्याला फाशी दिली गेली. त्यानंतर दोनच वर्षांत, ३ फेब्रुवारी १८३२ला, पुण्यात उमाजी नाईकांना फाशी झाली. म्हणजे राघोजी वाढले ते फाशीच्या बातम्या ऐकत.

ही माणसं उठली कशासाठी? शाळेच्या पुस्तकात ‘इंग्रजांच्या जुलमाविरुद्ध’ एवढं लिहून मोकळे होतात. पण जुलूम म्हणजे नेमकं काय, ते आपण बचत गटाच्या बायांनी समजून घ्यायला पाहिजे. हिशोब आपल्याला कळतो.

मराठ्यांच्या राज्यात महादेव कोळी नायकांकडे घाटवाटांची नि किल्ल्यांची राखण होती. त्याबद्दल वतन असायचं, थोडंफार मानधन मिळायचं. १८१८ला पेशवाई गेली. इंग्रजांना डोंगरी किल्ले नकोच होते. शिबंदी काढून टाकली, मानधनं कापली. हाताला काम उरलं नाही, आणि दुसरीकडे शेतसारा रोख मागायला सुरुवात झाली. नाचणी-वरी पिकवणाऱ्या माणसाकडे रोख रुपया येणार कुठून? तो यायचा सावकाराकडून. सारा भरायला सावकार पैसे द्यायचा आणि कागदावर अंगठा घ्यायचा. धान्याचं कर्ज असेल तर सवाईने नाहीतर दिढीने. आपल्या आज्यांना हे शब्द ठाऊक होते. दिढी म्हणजे पेरणीला एक पायली घेतली तर सुगीला दीड पायली परत. एक वर्ष पाऊस चुकला, परत करता आली नाही, तर दिडाची दिढी सव्वादोन. आणखी एक वर्ष गेलं की सव्वातीनच्या वर. घेतली होती एकच पायली.

सावकार इंग्रजांच्या आधीही होताच. पण तेव्हा वसुलीसाठी त्याला गावाला धरून चालावं लागे, पंचांपुढे बसावं लागे. इंग्रजी राज्यात दिवाणी कोर्ट आलं. कोर्ट कागद बघायचं. कागदावर अंगठा आहे ना? मग हुकूमनामा. जमीन जप्त, बैल जप्त, भांडीसुद्धा जप्त. कागदात काय लिहिलंय ते अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हतं. सावकाराच्या वहीत किती जमा झाले, किती व्याजात गेले, हे विचारायची सोय नव्हती. एका बाजूला सगळं लिहिणारा आणि दुसऱ्या बाजूला काहीच न वाचता येणारा, आणि न्याय करणार कागद. माझ्या मते खरा जुलूम हा होता. तलवारीपेक्षा ही वही जास्त माणसं संपवत होती.

राघोजी उठले ते या वहीवर. १८४४-४५ साली राघोजी आणि बापू भांगरे यांच्या टोळ्यांनी नगर, नाशिक, पुणे, ठाणे या जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात सावकारांना सळो की पळो करून सोडलं. पोलिसांच्या तुकड्यांवर हल्ले केले. खेड्यापाड्यांतले सावकार घरं सोडून मोठ्या गावांना पळाले. इंग्रजांच्या गॅझेटिअरमध्ये लिहून ठेवलंय की या टोळ्यांनी सावकारांची नाकं आणि कान कापले.

हे मी लपवणार नाही. गटाच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा एक काकी म्हणाल्या, “नाक कापण्याचं काय ते आम्हां बायकांना विचार गो.” खरं आहे. नाक कापणं ही शिक्षा या देशात बायकांनीच जास्त भोगली आहे. त्यामुळे मला त्याचा अभिमान वाटत नाही. पण ज्यांनी जमिनी लिहून घेतल्या त्यांच्याबद्दल त्याच गॅझेटिअरात सौम्य भाषा आहे, आणि ज्यांनी नाकं कापली ते दरोडेखोर ठरले. जमीन गेलेल्या घरात किती पोरं उपाशी मेली त्याची मोजदाद कुणी केली नाही. तेव्हा दोन्ही गोष्टी शेजारी ठेवूनच बघा.

टोळ्या डोंगरात वर्षानुवर्षं टिकल्या. आपल्याला ठाऊक आहे, डोंगरात माणूस टिकतो तो भाकरीवर. भाकरी कुणीतरी थापलेली असते आणि काळोखातून कुणीतरी नेऊन पोचवलेली असते. स्मारकावर नाव एकाचं असतं. भाकऱ्या थापणाऱ्या असंख्य.

१८४५ला बापू भांगरे पकडले गेले. आणखी दोनेक वर्षं राघोजी हाती लागले नाहीत. गोसाव्याचा वेष घेऊन ते हिंडत होते. शेवटी २ जानेवारी १८४८ रोजी लेफ्टनंट गेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना पंढरपुरात पकडलं. डोंगरात सापडला नाही तो माणूस विठोबाच्या गावी सापडला. तिथून ठाणे, खटला, आणि चार महिन्यांनी फाशी. वय ४२.

गोष्ट तिथे संपली का? नाही. २७ वर्षांनी, १२ मे १८७५ला, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले. यांनी नाकं कापली नाहीत. त्यांनी कर्जरोखे मागितले आणि जाळले. जिथे कागद मिळाले तिथे बहुतेक करून माणसाला हात लावला नाही. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात कोर्टाला सांगितलं गेलं की नुसता कागद बघू नका, कागदाच्या मागे जा. मूळ रक्कम किती, व्याज किती, दिलं किती ते तपासा. ज्या गोष्टीसाठी राघोजी फासावर गेले, ती त्याच सरकारने ३१ वर्षांनी कायद्यात लिहिली.

आपल्याकडे सावकाराच्या जागी खोत होता, एवढाच फरक. अर्धेल, तिर्धेल, वेठ हे शब्द आजही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खोतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ला मुंबईच्या विधिमंडळात बिल मांडलं. अलिबागजवळ चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३पासून अनेक वर्षं संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, लाकूडफाटा विकून पोट भरलं. खोती कायद्याने गेली ती १९४९ला.

आता पुतळ्यांविषयी थोडं. राघोजींचा फोटो नाही. असणार कुठून? त्यामुळे त्यांचे जे पुतळे नि चित्रं आहेत, ती कलाकाराने मनाने काढलेली आहेत. पिळदार मिशा, डोईला मुंडासं, हातात हत्यार. मला आधी वाटायचं की हे खोटंच नाही का? मग दूरदेशची एक गोष्ट वाचली. दक्षिण अमेरिकेत चिली नावाचा लांबोडका देश आहे. तिथले मूळ रहिवासी म्हणजे मापुचे लोक. स्पॅनिश लोक १५५०च्या सुमारास त्यांच्या मुलखात शिरले, आणि मापुचेंनी त्यांना शंभर वर्षं दाद दिली नाही. शेवटी १६४१ला स्पॅनिशांना तह करून बियोबियो नदी ही सरहद्द मानावी लागली. त्यांचा एक सेनापती होता काउपोलिकान. त्याला १५५८ला हाल हाल करून मारलं. राजधानी सान्तियागोमध्ये एका टेकडीवर त्याचा पुतळा आहे, १९१०ला उभा केलेला. मोठा देखणा पुतळा. पण तो बघून मापुचे लोक म्हणतात की हा आमचा माणूसच नव्हे! डोक्यावर पिसं, अंगावरचं सामान, सगळं उत्तर अमेरिकेतल्या इंडियन लोकांसारखं. शिल्पकार पॅरिसमध्ये शिकलेला. त्याने आदिवासी म्हणून जे मनात आलं ते घडवलं.

काउपोलिकानची कथा पहिल्यांदा लिहिली तीही शत्रूच्या सैनिकाने, एर्सिया नावाच्या स्पॅनिश कवीने. त्याच्या काव्यात एक प्रसंग आहे. नवरा जिवंत पकडला गेला म्हणून चिडलेली बायको, फ्रेसिया, त्याच्या पायाशी आपलं तान्हं मूल फेकते आणि म्हणते की भेकडाचं मूल मी वाढवणार नाही. चिलीत ही बाई प्रसिद्ध आहे. पण मला विचाराल तर अशी बाई कवीलाच सुचते. आपल्यातली कुठली बाई पोर फेकील? ती पोराला पदराखाली घेईल नि रानात पळेल.

आपल्याकडेही तेच झालं. महादेव कोळी समाजावर इंग्रजीत पहिल्यांदा सविस्तर लिहिलं ते मॅकिंटॉश नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने, ज्याचं काम त्यांना पकडण्याचं होतं. आदिवासींचा इतिहास आधी त्यांना पकडणारेच लिहितात. म्हणून दर २ मेला डोंगरातून जी माणसं ठाण्याला येतात ती मला महत्त्वाची वाटतात. पुतळ्याचं नाक-डोळे राघोजींसारखे नसतील, पण जयंती-पुण्यतिथीला आजीच्या तोंडून नातीला जे सांगितलं जातं ते त्यांचं स्वतःचं असतं.

आणखी एक स्मारक सांगते, ते पाण्याचं आहे. राघोजींच्या मुलखात प्रवरा नदीवर इंग्रजांनी भंडारदऱ्याचं धरण बांधलं, ते १९२६ला पुरं झालं. धरणाला गव्हर्नरचं नाव, विल्सन डॅम. तलावाला दुसऱ्या साहेबाचं नाव, आर्थर लेक. ज्यांची भातखाचरं बुडाली त्यांच्यापैकी कुणाचं नाव कशालाच नाही. तिथल्या लोकांनी मागणी लावून धरली आणि आता त्या जलाशयाला राघोजी भांगरे यांचं नाव दिलं गेलं आहे. ऐकून मला बरं वाटलं. पण धरणाचं पाणी उतरतं ते खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडच्या उसाला. वरच्या वाड्यांतल्या बाया एप्रिल-मेमध्ये डोक्यावर हंडे घेऊन उतरण चढतात. तलावाला नाव आपल्या माणसाचं आणि हंडा मात्र रिकामा. आपल्या कोकणात एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात टँकर लागतो, त्यामुळे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

कोकणातही एक स्मारक आहे, उरण तालुक्यातल्या चिरनेरला. २५ सप्टेंबर १९३० रोजी तिथल्या अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ जण हुतात्मा झाले. त्यात आगरी होते, कोळी होते, आणि एक होता नाग्या महादू कातकरी. कातकरी हे नावच पडलं खैराच्या झाडापासून कात काढण्यावरून. जंगल कायदा आला, खैर सरकारचा झाला, कात गेला. मग कातकरी कोळशाच्या भट्टीवर गेले, वीटभट्टीवर गेले. उचल घ्यायची आणि ती फेडायला पावसाळ्यापर्यंत कुटुंबासकट राबायचं. उचल कधी फिटायची नाही. तीच वही, तोच अंगठा.

आता आपलं बघू. आमच्या गावात १४ बचत गट होते, आणि कातकरवाडीतली एकही बाई त्यात नव्हती. समन्वयक मीच. मला कुणी विचारलं तर मी सांगायची, “त्या स्थलांतर करतात, बचत नियमित होत नाही.” हे उत्तर मी पाच वर्षं दिलं. मग एकदा वाडीवर लसीकरणासाठी गेले तेव्हा एक म्हातारी म्हणाली, “ताई, तुम्ही आमाला कवा इचारलंत?” मी निरुत्तर झाले. आता त्यांचा गट आहे. आठवड्याच्या बचतीऐवजी, भट्टीवरून परत आल्यावर जमेल तशी बचत, असा नियम आम्ही केला. घरं दुसऱ्याच्या जमिनीवर आहेत, काहींची आधार कार्डं झाली नव्हती. ते सगळं अजून चालू आहे, सुटलेलं नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी बोलायला बाया घाबरतात. आपल्याच गटातल्या एका वहिनीने गटाचं कर्ज असताना एका खाजगी कंपनीचं आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज घेतलं. ते फेडायला दुसऱ्या कंपनीचं घेतलं. मग गळ्यातलं गहाण गेलं. वसुलीची पोरं रात्री आठला ओटीवर येऊन बसायची, म्हणायची, “पैसे मिळाल्याशिवाय उठणार नाही.” शेजारीपाजारी बघायचे. ती वहिनी चार महिने बैठकीला आली नाही. आम्ही समजलो की कंटाळली.

या कर्जांना आता नियम आहेत, ते पाठ करून ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०२२ला सूक्ष्म कर्जासाठी सांगितलंय की घरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी ९च्या आधी आणि संध्याकाळी ६नंतर तगादा लावता येत नाही. शिवीगाळ, धमकी चालत नाही. गावातला खाजगी सावकार असेल तर महाराष्ट्राचा २०१४चा सावकारी कायदा आहे. सावकाराला परवाना लागतो. विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, सहकारी संस्थांच्या ऑफिसात, करता येते. अशा व्यवहारात जमीन लिहून घेतली असेल तर ती परत देण्याचा हुकूम जिल्हा निबंधक करू शकतो. आदिवासी भगिनींच्या जमिनीसाठी तर १९७४चा वेगळा कायदा आहे.

त्या वहिनीच्या घरी आम्ही सातजणी संध्याकाळी जाऊन ओटीवर बसलो. वसुलीवाला आला. आम्ही त्याला खाते उतारा मागितला. मुद्दल किती, व्याज किती, भरलं किती, ते कागदावर दे म्हटलं. तो म्हणाला, “सायबांना विचारून सांगतो.” आठ दिवसांनी उतारा आला, आणि वहिनीने भरलेले तीन हप्ते त्यात नव्हतेच. पावत्या तिने तांदळाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या म्हणून निभावलं. कर्ज अजून फिटायचं आहे, पण रात्री कुणी येत नाही.

त्या दिवशी बैठकीत मला एकीने विचारलं, “पण ताई, आपणसुद्धा शेकडा दोन रुपये व्याज घेतो. वर्षाला चोवीस झाले. मग आपण कोण?” प्रश्न चोख होता. मी म्हटलं, आपलं व्याज आपल्याच गटात राहतं. आणि आपली वही दर बैठकीला मधोमध उघडी असते. ती म्हणाली, “उघडी असते, पण वाचतं कोण? तू वाचतेस नि आम्ही हो म्हणतो.”

त्यानंतर आम्ही असं ठरवलं की खतावणी दर महिन्याला वेगळ्या बाईने वाचायची. जिला वाचता येत नाही तिने आकडे ओळखायचे, तेवढे तरी महिन्याभरात येतात. पहिल्यांदा वाचलं ते कातकरवाडीतल्या सूनबाईने, चौथी शिकलेल्या. बोट ठेवून ठेवून वाचलं, पाऊण तास लागला. माझ्या बेरजेत चाळीस रुपयांची चूक निघाली.